फाज सोडूनही साल्मोनेला हटत नाही? या चुका टाळा

"डॉक्टर, पाण्यातनं फाजचं औषध सोडलं की ओ, तरी रिपोर्टात साल्मोनेला हायच!" हातकणंगल्याकडच्या एका पोल्ट्री शेडवर हे ऐकलं आणि टाकीचं झाकण उघडलं. ब्लिचिंग पावडरचा भपकारा! फाज जगणार कुठनं?

साल्मोनेला म्हणजे कोंबडीतनं माणसापर्यंत पोचून पोट बिघडवणारा बॅक्टेरिया, आणि फाज म्हणजे बॅक्टेरिया फोडणारा विषाणू. तो अँटिबायोटिकच्या पुडीसारखा नव्हे, राणीखेत रोगावरच्या जिवंत लासोटा लसीसारखा जपावा लागतो. क्लोरीन त्याला मारतं. म्हणून लाइन साध्या पाण्यानं धुवा, बिनक्लोरीनच्या पाण्यात फाज मिसळा. पक्षी आधी तास-दोन तास तहानलेले ठेवले की सगळे एकदम पितात. बाटली फ्रिजमध्येच ठेवा. एप्रिलमध्ये पत्र्यावरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, त्यात तर ओतूच नका.

शेजाऱ्याला लागू पडला म्हणून तोच फाज आणणं ही दुसरी चूक. ई. कोलाय या दुसऱ्या जंतूवरचा फाज साल्मोनेलाकडं ढुंकूनही बघत नाही, आणि साल्मोनेलाचेच 2500 हून जास्त सीरोटाइप, म्हणजे उपप्रकार, आहेत. आधी स्वॅब लॅबला द्या. तुमच्या शेडमधला जंतू त्या कॉकटेलनं (अनेक फाजांच्या मिश्रणानं) फुटतो का ते बघून मगच पैसे मोजा. फाजचे एक शोधक फेलिक्स द'एरेल यांनी 1919 साली फ्रान्समध्ये कोंबड्यांच्या फाउल टायफॉइडवर फाज वापरला, तोही त्या रोगाच्या जंतूवर चालणाराच.

काही जण पिल्लं उतरल्या दिवसापासून रोज देतात. त्यानं फाजला दाद न देणारे जंतूच शेडमध्ये माजतात. मांसातला जंतू कमी करायचा असेल तर लिफ्टिंगच्या, म्हणजे पक्षी विक्रीला उचलण्याच्या, एक-दोन दिवस आधी द्या. जठरातलं आम्लही बराच फाज गारद करतं; प्रयोगांत म्हणूनच सोबत कॅल्शियम कार्बोनेट देतात. तुमच्या उत्पादनाला ते लागतं का, हे लेबलवर बघा.

शेडमध्ये खाली अंथरलेलं तूस ओलं, उंदीर मोकाट, तर फाज बिचारा काय करणार!

आणि फाजनं जंतू कमी होतात, शून्य होत नाहीत. कोंबडी नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर उडतात. रश्श्यात फोडी आतपर्यंत 74 अंशाला शिजल्या की साल्मोनेलाचं काही चालत नाही. पण कोंबडी कापलेल्या त्याच विळीवर चिरलेला कांदा ताटात कच्चाच येतो.