सेफ्टीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी: आधी काम पाहा, हेल्मेट नंतर

सेफ्टी ऑफिसर किंवा सुपरवायझर म्हणून नव्याने रुजू झालेला माणूस पहिल्या आठवड्यात बहुधा चेकलिस्ट घेऊन फिरतो. कोणाच्या डोक्यावर हेल्मेट नाही, कोणी बेल्ट लावलेला नाही, हे टिपत राहतो. त्याने अपघात फारसे टळत नाहीत. साहेब दिसले की हेल्मेट घालायचं आणि पाठ फिरली की काढायचं, एवढं मात्र कामगार पटकन शिकतात.

पहिला आठवडा चेकलिस्ट बाजूला ठेवा. एक काम निवडा आणि ते सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तिथे उभं राहून पाहा. माल कुठून येतो, कोण उचलतं, हत्यारं कुठे ठेवतात, पाणी प्यायला किती लांब जावं लागतं, आणि मशीनमध्ये काही अडकलं की नेमकं काय करतात? हा शेवटचा प्रश्न कधीच सोडू नका. हात सापडतात ते बहुतेक वेळा अडकलेला माल काढताना, साफसफाई करताना किंवा दुरुस्तीच्या वेळी. तेव्हा गार्ड, म्हणजे मशीनचं संरक्षक आवरण, उघडलेला असतो आणि ‘एका मिनिटाचं काम आहे’ म्हणून मशीन चालूच ठेवलेली असते.

तिथे करायचं असतं ते असं. मशीन बंद करा, मेन स्विच पाडा आणि त्यावर ज्याचा हात आत जाणार आहे त्याचं स्वतःचं कुलूप लावा. किल्ली त्याच्याच खिशात राहिली पाहिजे. तिघे काम करणार असतील तर कुलपं तीन. मग आत साठलेली ऊर्जा सोडा: हवेच्या लाइनमधला दाब, ताणलेली स्प्रिंग, वर अडकलेला भाग, वीज साठवून ठेवणारा, चार्ज असलेला कपॅसिटर. शेवटी स्टार्टचं बटण दाबून मशीन खरोखर सुरू होत नाही ना, हे पाहा. सगळ्यात जास्त गाळली जाते ती हीच पायरी, आणि चुकीचा स्विच पाडला गेला असेल तर ते हिच्यामुळेच कळतं.

धोका कमी करण्याचा एक ठरलेला क्रम आहे आणि तो पाठ हवा. ते काम मुळात टाळता येतं का? नसेल, तर कमी धोक्याचा पदार्थ किंवा पद्धत वापरता येते का? तेही नसेल, तर धोका आणि माणूस यांच्यामध्ये आड काही घालता येतं का? त्यानंतर कामाचे नियम आणि वेळा, आणि अगदी शेवटी पीपीई, म्हणजे हेल्मेट, मास्क, हातमोजे. पीपीई शेवटी का, तर ते प्रत्येक माणसाने प्रत्येक मिनिटाला नीट वापरलं तरच उपयोगी पडतं. गार्ड किंवा कठडा एकदा नीट बसवला की तो दमलेल्या, घाईतल्या, नवख्या माणसालाही सांभाळतो.

काँक्रीट किंवा दगड कापण्याचं काम घ्या. त्यातल्या सिलिकाच्या (दगड-वाळूतल्या खनिजाच्या) धुळीची मर्यादा अनेक ठिकाणी आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ०.०५ मिलिग्रॅम धरतात. इतकी कमी धूळ डोळ्याला दिसतच नाही. फुफ्फुसात खोलवर जाणारे कण हवेत बराच वेळ तरंगत राहतात, त्यामुळे ‘आता धूळ बसली’ असं वाटतं तेव्हाही ती श्वासात जात असते. कटरच्या ब्लेडवर पाण्याची धार सोडली की धूळ उडतानाच धरली जाते आणि शेजारी विटा रचणारा माणूसही वाचतो. मास्क फक्त घालणाऱ्याला वाचवतो, तोही चेहऱ्याला चिकटून बसला तर. दाढीचे खुंट असले तरी कडेने हवा आत शिरते. आणि धुळीचा मास्क गॅसपासून अजिबात वाचवत नाही, हे पुढे फार महत्त्वाचं आहे.

पुढे म्हणजे बंदिस्त जागेत: टाकी, मॅनहोल, सायलो, खोल चेंबर. नव्या माणसाने सगळ्यात आधी हा विषय पक्का करावा, असं आमचं ठाम मत आहे, कारण इथे चूक सुधारायला वेळच मिळत नाही. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली किंवा २३.५ च्या वर असेल तर आत जायचं नाही. बंद लोखंडी टाकीत नुसतं गंज चढूनही ऑक्सिजन कमी होतो, म्हणून ‘यात तर फक्त पाणी होतं’ हे कारण चालत नाही. ऑक्सिजन फार कमी असला तरी माणसाला गुदमरल्यासारखं वाटतंच असं नाही. गुदमरल्याची भावना मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्याने येते, आणि तो तर श्वासाबरोबर बाहेर जातच असतो. म्हणून माणूस हाक न मारताच खाली कोसळतो.

गाळ असेल तिथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू गृहीत धरा. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. वास थांबला म्हणजे गॅस गेला, असं समजून उतरलेली माणसं परत येत नाहीत. गाळ ढवळला की त्यात अडकलेला गॅस एकदम सुटतो, त्यामुळे उतरण्यापूर्वीची तपासणी पाच मिनिटांनी खोटी ठरू शकते. गॅस मोजणारा मीटर कामगाराच्या अंगावर, छातीच्या वर, पूर्णवेळ चालू हवा.

तपासणी अशी करा. मीटर बाहेर मोकळ्या हवेत सुरू करा आणि ऑक्सिजन २०.९ दाखवतो का ते पाहा. झाकण उघडल्यावर लगेच डोकावू नका. मीटरची नळी आधी वरच्या थरात, मग मध्ये, मग तळाशी सोडा, कारण मिथेन हलका असल्याने वर जातो आणि हायड्रोजन सल्फाइड जड असल्याने खाली बसतो. प्रत्येक थराला निदान दोन मिनिटं थांबा. नळी लांब असेल तर जास्त, कारण तळाची हवा मीटरपर्यंत यायलाच वेळ लागतो. आकडे वाचताना आधी ऑक्सिजन, मग पेटणारे वायू, मग विषारी. पेट घेणारे वायू मोजणाऱ्या नेहमीच्या सेन्सरला स्वतःला ऑक्सिजन लागतो. तो नसेल तर सेन्सर शून्य दाखवतो आणि आपण फसतो. पेटणाऱ्या वायूचं प्रमाण स्फोटाच्या किमान मर्यादेच्या (हवेतल्या ज्या किमान प्रमाणाला तो पेट घेऊ शकतो त्याच्या) १० टक्क्यांवर गेलं तर आत कोणी राहायचं नाही. हायड्रोजन सल्फाइडचा अलार्म साधारणपणे १० पीपीएमवर लावतात.

ताजी हवा आत ढकलणाऱ्या ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडा. ब्लोअरचं हवा ओढणारं तोंड जनरेटरच्या किंवा गाडीच्या धुराजवळ नाही ना, हे पाहा, नाहीतर आपणच आत कार्बन मोनॉक्साइड भरतो. हवा वाढवायला ऑक्सिजनचा सिलिंडर सोडणं हा तर आग लावण्याचाच प्रकार आहे, कारण ऑक्सिजन वाढला की कपडे आणि केसही भडकन पेट घेतात.

बाहेर थांबणाऱ्या माणसाला दुसरं कोणतंही काम देऊ नका, अगदी हत्यार आणून देण्याचंही नाही. आत जाणाऱ्याच्या हार्नेसला (अंगभर पट्ट्यांच्या बेल्टला) दोर आधीपासून बांधलेला आणि वर तिवई-विंच, म्हणजे तिवईवरची दोर गुंडाळणारी चरखी, लावलेली असेल, तर बाहेरचा माणूस आत न उतरता त्याला ओढून काढू शकतो. अशा अपघातांत एकामागून एक माणसं जातात ती वाचवायला उतरल्यामुळे. भाऊ किंवा मित्र खाली पडलेला दिसत असताना माणूस थांबत नाही. म्हणून ‘उतरू नका’ एवढं सांगून भागत नाही. उतरण्याची गरजच पडणार नाही, अशी सोय आधी करावी लागते.

उंचीवरच्या कामात नवे लोक बेल्ट आहे की नाही ते पाहतात, पण पडल्यावर खाली किती जागा लागेल याचा हिशोब करत नाहीत. तो सोपा आहे. दोर २ मीटर. झटका सोसण्यासाठी शॉक अॅब्सॉर्बर उलगडतो, तो जास्तीत जास्त पावणेदोन मीटर. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर. शिवाय सुरक्षित अंतर १ मीटर. एकूण सव्वासहा मीटर, तेही हूक जिथे अडकवला आहे तिथून खाली. चार मीटर उंचीच्या स्लॅबवर पायाजवळ हूक अडकवून काम करणारा माणूस फोटोत सुरक्षित दिसतो, पण पडला तर दोर त्याला थांबवण्याआधीच जमिनीवर आपटतो. अशा उंचीला कठडा लावा, हूक डोक्याच्या वर घ्या, नाहीतर दोर आपोआप आत ओढून घेणारा ब्लॉक वापरा. हूक पाण्याच्या पाइपला किंवा केबल ट्रेला अडकवलेला दिसला तर काम लगेच थांबवा. आणि पडल्यावर हार्नेसमध्ये लोंबकळणाऱ्या माणसाच्या पायांत रक्त साठत जातं, तेव्हा त्याला काही मिनिटांतच खाली घ्यावं लागतं. कोण घेणार आणि कशाने, हे काम सुरू होण्याआधी ठरलं पाहिजे. शिडीसाठी एवढं लक्षात ठेवा: चार मीटर उंचीला पायथा एक मीटर बाहेर, आणि जिथे उतरायचं त्याच्या वर शिडी एक मीटर.

उन्हातल्या किंवा भट्टीजवळच्या कामात सर्वाधिक धोका असतो तो पहिल्या काही दिवसांत. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या २० टक्केच उष्णतेत काम द्या आणि रोज २० टक्क्यांनी वाढवा. लांब रजेवरून परतलेल्या जुन्या माणसाला ५०, ६०, ८०, १०० अशा पायऱ्यांनी आणा. हे मुकादमांना पटवणं अवघड जातं, कारण नवा माणूस पहिल्याच दिवशी जास्त राबून दाखवायला पाहतो. पाणी दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण २५० मिलिलिटर. तहान लागायची वाट पाहू नये, पण तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये, नाहीतर रक्तातलं मीठ धोकादायक पातळीपर्यंत उतरतं. कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर घाम येत असला तरी उष्माघातच समजा. मेहनतीच्या कामात उष्माघात झालेल्याला घाम येत असू शकतो. रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत थांबू नका. कपडे काढा, भरपूर थंड पाणी ओता, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवा.

वजन उचलण्याबाबत ‘गुडघ्यात वाका, कमरेत वाकू नका’ हे पोस्टर सगळीकडे असतं आणि त्याने फारसं काही बदलत नाही. वजन शरीरापासून किती लांब आहे, हे मोजा. अगदी चांगल्या परिस्थितीत, म्हणजे ओझं घोट्यांपासून २५ सेंटिमीटरवर आणि जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंच असताना, उचलण्याची शिफारस केलेली मर्यादा २३ किलो आहे. तेच ओझं ५० सेंटिमीटर लांब धरावं लागलं तर मर्यादा निम्मी, साडेअकरा किलो. जमिनीवरून उचलायचं असेल, वळावं लागत असेल, मिनिटाला चार-पाच वेळा करायचं असेल, तर आणखी कमी. म्हणून पोतं हलकं करता येत नसेल तर पॅलेट वर घ्या आणि मधला अडथळा काढा.

आवाजासाठी मीटर नसला तरी अंदाज घेता येतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागत असेल तर आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे. अशा आवाजात दिवसाला किती वेळ राहायचं, तर ८५ ला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन: दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. फोमचे इअरप्लग बहुतेक जण नुसते कानाच्या तोंडाशी ठेवतात. ते बोटांनी बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फोम फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा.

थकव्याला मीटर नाही. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरते, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून क्रेनने जड माल चढवणं किंवा टाकीत उतरणं पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान किंवा दुहेरी पाळीच्या शेवटी ठेवू नका. पाळ्या बदलायच्या तर सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या दिशेने बदला.

हे सगळं तुम्हाला कळणार ते कामगारांकडून, आणि ते सांगणार ते सांगून नुकसान होत नाही असं दिसलं तरच. ‘काही अडचण आहे का?’ असं विचारलं की ‘नाही साहेब’ हेच उत्तर येतं. ‘आज कुठे हात थांबला? कशाची भीती वाटली?’ असं विचारा. समोर गंभीर धोका दिसल्यावर काम सोडून बाजूला होणाऱ्या कामगाराला त्याबद्दल शिक्षा होऊ नये, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या कराराच्या कलम १३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. २०२२ मध्ये सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा विषय संघटनेने कामाच्या मूलभूत तत्त्वांत आणि हक्कांत घेतला.

कोणी काम थांबवलं तर ऑफिसात न बोलावता तुम्हीच तिथे जा आणि त्याच्यासमोर निर्णय घ्या. धोका खरा नाही असं दिसलं तरी तसं का, ते समजावून सांगा. गेटजवळच्या फळ्यावर काय दुरुस्त झालं आणि कोणत्या तारखेला, एवढं लिहा. कोणी सांगितलं, ते त्याने स्वतः म्हटल्याशिवाय लिहू नका.