खोटा ताप न आणता लांब सुट्टी कशी घ्यावी

नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की कार्यालयांतील आजारपण एकाएकी वाढते. त्यातील काही खरे असते, कारण ऊन लागणे ही आपल्याकडे थट्टेची गोष्ट नाही. उरलेले आजार मात्र चिखलदऱ्याला किंवा पचमढीला जाऊन बरे होणारे असतात. एका शासकीय कार्यालयाच्या आस्थापना शाखेत माझी बरीच वर्षे रजेचे अर्ज तपासण्यात गेली आणि त्या अनुभवावरून सांगतो की ‘मेडिकल टाकून’ फिरायला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना तसे करण्याची गरजच नव्हती. आपल्या रजा खात्यात कोणती रजा किती शिल्लक आहे, हे त्यांनी कधी उघडून पाहिले नव्हते, एवढेच.

म्हणून पहिले काम जानेवारीत करावयाचे. सेवापुस्तकातील रजेचा हिशेब पाहून तो एका कागदावर उतरवून घ्यावा. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. त्यांनुसार पूर्ण पगारी अर्जित रजा, म्हणजे ‘ईएल’, १ जानेवारी व १ जुलै रोजी प्रत्येकी १५ दिवस, म्हणजे वर्षाला ३० दिवस आगाऊ जमा होते आणि ती ३०० दिवसांपर्यंत साठवता येते. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस मिळते व तीही दोन हप्त्यांत जमा होते. याखेरीज नैमित्तिक रजा, जिला आपण सगळे ‘सीएल’ म्हणतो, ती वर्षाला आठ दिवस असते आणि ३१ डिसेंबरला उरलेली वाया जाते. ज्याला लोक सरसकट ‘मेडिकल’ म्हणतात, त्या नावाचे वेगळे खाते या हिशेबात नाही. वैद्यकीय प्रमाणपत्रावर पूर्ण पगारी मिळते ती परिवर्तित रजा होय, आणि ती अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुपटीने वजा होते. दहा दिवसांचे खोटे आजारपण घेणाऱ्याच्या खात्यातून वीस दिवस, म्हणजे आजारपणासाठीची अख्ख्या वर्षाची जमा, एका फटक्यात निघून जाते. हे गणित समजावून सांगितल्यावर अर्ज मागे घेणारे लोक मी पाहिले आहेत.

तरीही माणसे हा मार्ग का धरतात, याचे खरे कारण सेवानिवृत्तीत आहे. शिल्लक अर्जित रजेचे, कमाल ३०० दिवसांपर्यंत, निवृत्तीच्या वेळी रोखीकरण होते, म्हणजे तेवढ्या दिवसांचे पैसे मिळतात. त्यामुळे ‘ईएल वाचवायची आणि मेडिकल उडवायची’ हा सल्ला नव्या कर्मचाऱ्याला पहिल्याच महिन्यात चहाच्या टपरीवर मिळतो. या सल्ल्यात एक मोठी गफलत आहे. ज्याच्या सेवेची वीस-पंचवीस वर्षे झाली आहेत, त्याचे खाते बहुधा ३०० च्या जवळ आलेले असते आणि त्या मर्यादेच्या वर साठा होत नाही. असा कर्मचारी दरवर्षी मिळणारी ३० दिवसांची अर्जित रजा अक्षरशः फुकट घालवतो आणि सहलीसाठी मात्र डॉक्टरांच्या दारात उभा राहतो. आपण मर्यादेजवळ असाल तर दरवर्षी महिनाभराची पूर्ण पगारी सुट्टी आपली आहे. ती उघडपणे मागावी. सेवा अजून कोवळी असेल, तर वर्षाला दहा-बारा दिवस अर्जित रजा खर्ची घालूनही निवृत्तीपर्यंत ३०० चा आकडा सहज गाठता येतो, कारण उरलेले अठरा-वीस दिवस दरवर्षी जमा होतच राहतात.

आता जोडणीचे गणित. राज्य शासनाच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. (अत्यावश्यक सेवा आणि शाळा-महाविद्यालयांना तो लागू नाही, त्यांनी आपला हिशेब वेगळा करावा.) सोमवार ते शुक्रवार अशी पाच दिवसांची अर्जित रजा घेतली आणि आधीचे व नंतरचे शनिवार-रविवार जोडण्याची परवानगी मागितली की नऊ दिवस हाती येतात. सलग दोन आठवडे घेतल्यास मधला शनिवार-रविवार रजेतच मोजला जातो, म्हणून सोळा दिवसांच्या सुट्टीसाठी बारा दिवस वजा होतात. तीच रजा दोन वेगवेगळ्या महिन्यांत पाच-पाच दिवस घेतली, तर दहा दिवसांच्या मोबदल्यात अठरा दिवस मिळतात. परदेशी किंवा दूरच्या प्रवासासाठी पहिला मार्ग, आणि पेंच, ताडोबा, पचमढी अशा जवळच्या सहलींसाठी दुसरा. नैमित्तिक रजेच्या मध्ये येणारा रविवार रजेत धरला जात नाही, हा तिचा फायदा. परंतु ती अर्जित रजेला जोडून घेता येत नाही, हे विसरल्यामुळे परत आलेले अर्ज मी मोजणे सोडून दिले होते.

नागपूरकरांसाठी दिनदर्शिकेतील काही जागा विशेष आहेत. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात. जूनच्या मध्यावर पुण्या-मुंबईची मुले शाळेत परततात, तेव्हा आपली अजून घरी असतात; त्या आठवड्यात महाबळेश्वर किंवा कोकणातील गर्दी ओसरलेली असते. पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे तान्हा पोळा आणि मारबतीचा दिवस, आपल्याकडे वेगळ्याच महत्त्वाचा आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी वर्षारंभी जाहीर केलेल्या स्थानिक सुट्ट्यांची यादी पाहून तो जोडता येतो का, हे तपासावे. उलट, डिसेंबरात हिवाळी अधिवेशन शहरात भरते तेव्हा शासकीय कार्यालयांत रजा मिळण्याची आशा धरू नये. त्या काळात अचानक येणारे आजारपण प्रत्येक वरिष्ठाला संशयास्पद वाटते, आणि खरोखर आजारी पडलेल्या माणसाचीही त्यात फरफट होते. मार्चअखेर लेखा शाखेचे तसेच. ताडोब्याला जावयाचे असेल तर मंगळवारी गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते, एवढे ध्यानात ठेवून रजेचे दिवस ठरवावेत. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, तेव्हा रजेचा अर्जही त्याच सुमारास द्यावा. तिकीट आधी आणि मंजुरी नंतर, हा क्रम खोट्या आजारपणाचा जन्मदाता आहे.

अर्जाची भाषा साधी असावी. ‘खाजगी कामानिमित्त दिनांक अमुक ते तमुक अशी पाच दिवसांची अर्जित रजा, आधी व नंतर येणाऱ्या शनिवार-रविवारच्या सुट्ट्या जोडून आणि मुख्यालय सोडण्याच्या परवानगीसह मंजूर करण्यात यावी, ही विनंती’ एवढे पुरेसे आहे. मुख्यालय, म्हणजे नेमणुकीचे ठिकाण, सोडण्याच्या परवानगीचा उल्लेख बहुतेक जण गाळतात आणि मग प्रवासात कार्यालयाचा फोन आला की नागपुरातच असल्याचे सांगत बसतात. आपल्या गैरहजेरीत काम कोण पाहणार, त्या सहकाऱ्याचे नाव व त्याची संमती अर्जात लिहावी. नियमाप्रमाणे रजा हक्क म्हणून मागता येत नाही, ती कामाच्या निकडीपुढे नाकारता येते. परंतु ज्या अर्जात कार्यभाराची सोय आधीच केलेली आहे, तो नाकारण्यासाठी अधिकाऱ्यालाच कारण शोधावे लागते.

अर्जित रजा खरोखर शिल्लक नसेल, तर काय करावे? येथे तो सरळ दरवाजा आहे, ज्याच्याविषयी फार कमी लोकांना माहिती असते. अर्धवेतनी रजा ही केवळ आजारपणासाठी नाही. ती खाजगी कामासाठीही घेता येते व त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागत नाही. त्या दिवसांचा पगार निम्म्याने मिळतो, परंतु खात्यातून रजा एकपटच वजा होते. दहा दिवस फिरून आल्यावर दहाच दिवस कमी होतात, वीस नव्हेत, आणि मनात कसलीही धाकधूक नसते. आजारपणाची रजा सुट्टीसाठी वापरण्याचा माझ्या मते हाच एक प्रामाणिक मार्ग आहे, आणि तो नियमांतच लिहिलेला आहे. पाच दिवसांचा अर्धा पगार म्हणजे अडीच दिवसांचे वेतन. सहलीच्या खर्चात तेवढे धरून चालावे.

खोटे प्रमाणपत्र आणणाऱ्यांना वाटते की कागद दिला की प्रकरण संपले. प्रत्यक्षात त्या कागदाची दुसरी बाजू डॉक्टरांकडे असते. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनुसार दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही डॉक्टरांनी ठेवावयाची असते, त्यात रुग्णाची ओळखखूण लिहावयाची असते आणि प्रत जपावयाची असते. खोटे प्रमाणपत्र दिल्यास डॉक्टरांवर वैद्यक परिषद कारवाई करू शकते, त्यामुळे धंतोली-रामदासपेठेतील ओळखीच्या डॉक्टरांना भिडेखातर त्यात ओढणे हा मैत्रीचा गैरवापर आहे. कार्यालयाला दुसरे वैद्यकीय मत मागण्याचा अधिकार असतो. शिवाय वैद्यकीय रजेवरून परत रुजू होताना तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र लागते, म्हणजे एक खोटे झाकण्यासाठी दुसरे खोटे आपोआप आले.

माझ्यासमोर आलेले एक प्रकरण सांगतो. एका कर्मचाऱ्याने दहा दिवसांचे प्रमाणपत्र दिले. त्यावर ‘पूर्ण विश्रांतीची आवश्यकता’ असे ठळक लिहिलेले होते. रजा परिवर्तित म्हणून मंजूर झाली, कोणी काही विचारले नाही. पुढील महिन्यात त्याच गृहस्थांनी रजा प्रवास सवलतीचे देयक सादर केले आणि सोबत कुटुंबाची रेल्वेची तिकिटे जोडली. तिकिटांवरील तारखा विश्रांतीच्या दहा दिवसांतीलच होत्या. दोन्ही कागद एकाच टेबलावर, माझ्याच, येतात हे त्यांच्या लक्षात आले नव्हते. पुढे ती रजा रद्द होऊन अनधिकृत गैरहजेरी ठरली, दिलेले वेतन वसूल झाले आणि शिस्तभंगाची नोटीस आली ती वेगळी. त्यांच्या खात्यात त्या दिवशी अर्जित रजा किती होती, हे मी सहज पाहिले: दोनशे बारा दिवस.

खाजगी नोकरीतील वाचकांसाठी चित्र थोडे निराळे आहे. मिहानमधील कंपन्या, सीताबर्डीतील दुकाने, सदरमधील कार्यालये यांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू असेल, तर वर्षाला आठ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा मिळते. ती तिमाहीप्रमाणे जमा होते व वर्षअखेर संपते. वर्षात २४० दिवस काम झाले असल्यास पुढील वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आजारपणाची स्वतंत्र रजा या अधिनियमात नाही. ती कंपनीने आपल्या धोरणानुसार दिलेली असते, आणि म्हणून तिच्या अटी नियुक्तिपत्रात व एचआरच्या धोरणपत्रातच शोधाव्या लागतात. किती दिवसांनंतर प्रमाणपत्र लागते, उरलेली रजा पुढे जाते की नाही, आणि ‘सँडविच’ नियम आहे का, म्हणजे शुक्रवारी व सोमवारी रजा घेतल्यास मधला शनिवार-रविवारही कापला जातो का, या तीन गोष्टी आधी वाचाव्यात. काही कंपन्या कारण न विचारता सर्व रजा एकाच खात्यात देतात. तसे असेल तर प्रश्नच मिटला. तेथे आजारी असल्याचे सांगण्याची सवय निव्वळ जुन्या नोकरीतून आलेली असते.

बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या आणि दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या राज्य कामगार विमाधारकांनी मात्र अधिक जपावे. त्यांना आजारपणात वेतनाच्या सुमारे ७० टक्के दराने, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत रोख लाभ मिळतो आणि त्यासाठी आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचे अंशदान झालेले असावे लागते. हा पैसा मालकाचा नाही, विम्याचा आहे. लाभ घेत असताना वैद्यकीय अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय उपचाराचा परिसर सोडता येत नाही, त्यामुळे सोमवारीपेठेतील विमा रुग्णालयातून दाखला घेऊन गावच्या लग्नाला जाणे म्हणजे लाभच धोक्यात घालणे होय. लग्नासाठी पगारी रजा शिल्लक ठेवावी.

एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. झोप उडालेली, छातीत धडधड, कामाच्या विचाराने सकाळी उठवत नाही, अशी अवस्था असेल तर ते सुट्टीचे निमित्त नव्हे, आजारपण आहे, आणि त्यासाठी वैद्यकीय रजा घेण्यात कसलीही लबाडी नाही. डॉक्टरांना खरे सांगावे, त्यांनी सुचवलेली विश्रांती घ्यावी. शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठीच आहे. डॉक्टरांनीच हवापालटाचा सल्ला दिला, तर तो प्रमाणपत्रावर लिहून घ्यावा, म्हणजे तिकिटावरून कोणी प्रश्न विचारणार नाही.

याची उलट बाजूही उपयोगाची आहे. अर्जित रजेवर फिरायला गेल्यावर खरोखर आजारी पडलात, तर तेथील डॉक्टरांचे प्रमाणपत्र व औषधांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. परत आल्यावर तेवढ्या दिवसांची अर्जित रजा परिवर्तित रजेत बदलून मिळावी, अशी लेखी विनंती करता येते. मंजुरी अधिकाऱ्याच्या हाती असते, परंतु कागद पूर्ण असतील तर ती सहसा अडत नाही.

परतल्यावर त्याच दिवशी रुजू अहवाल द्यावा आणि महिन्याभरात एकदा आस्थापना शाखेत जाऊन रजा खात्यातील नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. आम्ही लिपिकही माणसेच; पाच दिवसांचे सात लिहिलेले माझ्या हातूनही झाले आहे, आणि ती चूक संबंधिताने नऊ वर्षांनी, निवृत्तीची कागदपत्रे जुळवताना, दाखवली.