गडावरच्या मुक्कामासाठी भांडी कशी निवडावीत

सह्याद्रीत एखाद्या गडावर किंवा पायथ्याच्या गावाबाहेर तंबू ठोकून राहायचे ठरले की तंबू, स्लीपिंग बॅग आणि बूट यांवर महिनाभर चर्चा होते, भांडी मात्र निघण्याच्या आदल्या रात्री ओट्याखालच्या कपाटातून हाताला लागतील ती उचलली जातात. मग वर पोहोचल्यावर खिचडी तळाला करपते, टोप स्टोव्हवर डुगडुगतो आणि सांडशी घरीच राहिल्याचे ध्यानात येते. दुसरीकडे, परदेशी धाटणीचे महागडे संच घेणाऱ्यांचीही निराशा होते, कारण पाणी उकळून पाकिटातले तयार अन्न भिजवणे एवढ्याच कामासाठी त्यांतील बरीच भांडी बनवलेली असतात. आपल्याला फोडणी करायची असते आणि डाळ-तांदूळ शिजवायचे असतात. म्हणून कोणतेही भांडे विकत घेण्यापूर्वी आपण काय शिजवणार आणि कोणत्या आचेवर शिजवणार, हे आधी निश्चित करावे.

आचेचा प्रश्न बऱ्याचदा नियमच सोडवतात. राखीव वनात आणि अभयारण्यात उघड्यावर आग पेटवण्यास मनाई असते, आणि हरिश्चंद्रगड, रतनगड यांचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. संरक्षित स्मारक असलेल्या किल्ल्यांवर स्वयंपाकालाच बंदी असू शकते, त्यामुळे निघण्यापूर्वी वनखात्याकडे किंवा गावात चौकशी करणे इष्ट. चूल मांडायची तर ती पायथ्याच्या गावात, घरमालकाच्या परवानगीने त्याच्या अंगणात मांडावी. इतरत्र छोट्या कॅनिस्टरवर, म्हणजे गॅस भरलेल्या बंद डब्यावर, बसणारा स्टोव्ह वापरावा. पावसाळ्यात तर ओल्या लाकडाच्या नादी लागण्यात अर्थच नसतो.

या दोन आचांची भांड्याकडून अपेक्षा वेगवेगळी असते. चुलीच्या ज्वाळा भांड्याला चोहोबाजूंनी वेढतात, म्हणून तिथे प्लास्टिकची मूठ किंवा झाकणाची प्लास्टिकची गुंडी टिकत नाही, आणि बूड गोलसर असले तरी चालते. छोट्या गॅस स्टोव्हची ज्वाळा मात्र तळाच्या मध्यभागी एका लहानशा वर्तुळात एकवटते. तेवढ्याच जागी भांडे तापते आणि कडेचा भाग थंड राहतो. खिचडी, पिठले, उपमा असे दाट पदार्थ नेमके याच कारणाने मध्यभागी करपतात. स्टोव्हसाठी म्हणूनच सपाट बुडाचे आणि उष्णता झटपट पसरवणारे भांडे लागते.

धातूची निवड याच मुद्द्यावर व्हावी. अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेस स्टीलच्या दहापटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, शिवाय त्याची घनता स्टीलच्या साधारण एक तृतीयांश असते. स्टीलची भांडी हलकी वाटतात ती पत्रा पातळ असल्यामुळे. उदाहरणार्थ, २० सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच टोपात सुमारे ३ लिटर मावते. हा टोप २ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरते, आणि ०.६ मिलिमीटर पत्र्याच्या स्टीलचा असेल तर जवळपास ४५० ग्रॅम. म्हणजे वजन जवळजवळ सारखेच, पण पहिल्यात खिचडी नीट शिजते आणि दुसऱ्यात सतत पळी फिरवत बसावे लागते. माझ्या मते सह्याद्रीतल्या मुक्कामासाठी जाड बुडाचा साधा अ‍ॅल्युमिनियमचा टोप हेच सर्वांत शहाणपणाचे भांडे आहे. त्याची एक मर्यादा लक्षात ठेवावी: चिंच, कोकम किंवा टोमॅटो घातलेले पदार्थ त्यात शिजवले तर चालतात, पण रात्रभर तसेच ठेवले तर धातूचा वास लागतो. सोलकढी किंवा सार करायचे असेल तर ते स्टीलच्या भांड्यात करावे. हार्ड अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांवर कठीण थर असल्यामुळे त्यांना ही अडचण येत नाही. बजेट असेल तर ती अवश्य घ्यावीत.

टायटॅनियमचे आकर्षण पुष्कळांना असते. तो धातू खरोखर हलका आणि मजबूत आहे, परंतु उष्णता पसरवण्याच्या बाबतीत तो स्टीलच्याच रांगेत बसतो आणि पत्रा तर कागदासारखा पातळ असतो. एकट्याने फिरणाऱ्या आणि चहा, कॉफी, सूप किंवा मॅगी एवढ्यावर भागवणाऱ्या माणसाला ७५० मिलिलिटरचा टायटॅनियमचा मग उत्तम. चार जणांच्या मुगाच्या खिचडीसाठी मात्र त्यावर काही हजार रुपये घालवू नयेत. नॉनस्टिकचा थर साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब होऊ लागतो, आणि प्रखर ज्वाळेवर रिकामे राहिलेले पातळ भांडे तिथवर सहज पोहोचते. धातूचे चमचे आणि पाठपिशवीतली घुसळण यांनी तो थर खरवडला जातो, हे वेगळेच. कल्हई केलेली पितळी भांडी देखणी खरी, पण कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून फोडणीसाठी तेल टाकण्याआधी भांडे जरा जास्त तापले तरी कल्हई जाते. बिडाचा तवा गाडी थेट तंबूपर्यंत जात असेल तरच न्यावा.

आकारमानाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, आणि तो नेहमी लहानाकडे चुकतो. दिवसभर चढण चढलेला माणूस रात्री सुमारे ११० ग्रॅम कोरड्या डाळ-तांदळाची खिचडी खातो असे धरू. चौघांचे ४४० ग्रॅम म्हणजे साधारण अर्धा लिटर धान्य झाले. त्यात साडेतीन पट पाणी घातले की सव्वादोन लिटरपर्यंत मजल जाते. उकळी येताना फेस वर चढतो आणि पळी फिरवायला जागा लागते, म्हणून भांड्याचा चौथा हिस्सा रिकामा राहिला पाहिजे. चौघांना ३ लिटरचा टोप लागतो तो असा. माणशी पाऊण लिटर हे माप दोघांपासून सहा जणांपर्यंत चालते. त्याहून मोठा गट असेल तर एका मोठ्या पातेल्याऐवजी दोन मध्यम टोप आणि दोन स्टोव्ह न्यावेत.

उंच आणि अरुंद भांडे पाठपिशवीत छान बसते, पण त्याच्या बाजूने बरीच उष्णता हवेत निघून जाते आणि ते स्टोव्हवर कलंडण्याची भीती असते. रुंदी उंचीच्या दीड ते दोन पट असलेला टोप अधिक सोयीचा. मात्र कॅनिस्टरच्या डोक्यावरच बसणाऱ्या स्टोव्हवर २०-२२ सेंटिमीटरपेक्षा रुंद भांडे ठेवू नये, कारण त्याच्या बुडाखालची उष्णता परतून कॅनिस्टरवर येते. वारा अडवण्यासाठी स्टोव्ह आणि कॅनिस्टर यांना मिळून पत्र्याने चारही बाजूंनी वेढणे तर सरळसरळ धोक्याचे आहे. कॅनिस्टर तापून फुटू शकतो. वाऱ्याच्या बाजूला दगडांचा किंवा पाठपिशव्यांचा आडोसा थोडे अंतर राखून करावा. तंबू बंद करून आत स्वयंपाक कधीही करू नये, कारण आगीइतकाच कार्बन मोनॉक्साइडचाही धोका असतो.

झाकणाला पर्याय नाही. कोकणकड्यावरच्या वाऱ्यात उघड्या भांड्यातले पाणी उकळायला लागणारा गॅस आणि झाकलेल्या भांड्याला लागणारा गॅस यांत फार मोठी तफावत पडते. टोपावर बरोबर बसणारी स्टीलची ताटली घेतली की तीच झाकण होते आणि तीच जेवणाची थाळी. मुठीच्या बाबतीत मी जुन्या मताचा आहे: घडीच्या मुठी खिळखिळ्या होतात, बिनमुठीचा काठाचा टोप आणि एक चांगली सांडशी वर्षानुवर्षे टिकते. काठ बाहेर वळलेला असावा, म्हणजे सांडशीची पकड घट्ट बसते.

कुकर न्यावा का, हा प्रश्न हमखास निघतो. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेल्या कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीवरही पाणी ९४-९५ अंशांना उकळते, आणि तिथे तांदूळ, मूगडाळ, मसूर उघड्या टोपात व्यवस्थित शिजतात. तुरीच्या डाळीचा हट्ट सोडला की कुकरचे किलो-सव्वा किलो ओझे सुटते. हिमालयात ४००० मीटरवर मात्र पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळते आणि डाळ तासन् तास कचकचीत राहते; तिथे गटाने जाताना छोटा कुकर हवाच, कारण त्याच्या आत त्या उंचीवरही सुमारे ११४ अंश तापमान मिळते. सह्याद्रीत गॅस वाचवायचा असेल तर तांदूळ-डाळ अर्धा तास भिजवावी, उकळी आल्यावर दहा मिनिटे मंद आचेवर शिजवून टोप झाकणासह जाड चादरीत गुंडाळून ठेवावा. उरलेले शिजणे आतल्या वाफेवर होते.

चौघांच्या दोन रात्रींसाठी ३ लिटरचा जाड अ‍ॅल्युमिनियमचा टोप, चहा आणि सारासाठी सव्वा लिटरचे स्टीलचे पातेले, दोन ताटल्या, पळी, सांडशी आणि एक छोटी सुरी एवढे पुरते. कढई नको, फोडणी टोपातच करावी आणि पोहेही त्यातच परतावेत. तव्याचा मोह टाळावा, कारण भाकरी पायथ्याच्या गावात सांगून ठेवली तर आपल्या हातच्यापेक्षा निश्चितच चांगली मिळते. पातेले १२-१३ सेंटिमीटर रुंदीचे घ्यावे: २३० ग्रॅमचा कॅनिस्टर सुमारे ११ सेंटिमीटर रुंद असतो, तो पातेल्यात बसतो आणि पातेले टोपात. उरलेल्या फटींत कांदे, लसूण आणि मसाल्याच्या पुड्या भराव्यात, म्हणजे खडखडाटही होत नाही.

खरेदीसाठी खास दुकान शोधण्याची गरज नाही. तुळशीबागेत किंवा कोणत्याही गावच्या भांडी आळीत अ‍ॅल्युमिनियमची भांडी वजनावर मिळतात, त्यामुळे काटा तिथेच असतो. त्यावर टोप, ताटली आणि सांडशी एकत्र ठेवून एकूण वजन पाहून घ्यावे. टोप फरशीवर ठेवून काठावर बोटाने दाबावे. डुगडुगला तर दुसरा मागावा. आपला स्टोव्ह सोबत नेऊन त्याच्या पायांवर टोप ठेवून पाहिला, तर दुकानदार थोडा हसेल, पण गडावर सांडलेल्या खिचडीपेक्षा ते परवडते.

चुलीवर शिजवायचे असेल तर टोपाच्या बाहेरच्या बाजूला आधीच ओल्या मातीचा किंवा राखेचा पातळ लेप द्यावा. काजळी त्या लेपावर बसते आणि धुताना त्याच्यासोबत निघून जाते. घासण्यासाठी राख आणि काथ्या पुरतो. भांडी कधीही गडावरच्या टाक्यात बुडवू नयेत, कारण तेच पुढच्या माणसाचे पिण्याचे पाणी असते. बाटलीत पाणी काढून टाक्यापासून बरेच लांब, उताराच्या खालच्या बाजूला भांडी धुवावीत आणि खरकटे कागदात गुंडाळून परत न्यावे. काजळलेल्या टोपासाठी जुन्या उशीच्या अभ्र्याची पिशवी करावी, आणि टोप ओला असेल तर ती पिशवी पाठपिशवीला बाहेरून बांधावी.