कॉम्प्युटरचं कॅबिनेट पावडर कोटिंगला देण्याआधी

बोर्ड, पंखे, वायरी काढायच्या, हे सांगायला नको. रबरी बुशा आणि प्लास्टिकचे पायही काढा. रंगाची पावडर पत्र्यावर उडवून भट्टीत भाजतात आणि ती भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते. रिव्हेटा ड्रिलने उडवा, बदली आधीच आणून ठेवा. सुटं करताना फोटो काढत जा.

आता स्क्रूच्या भोकांतले आटे. प्रत्येक आटा बुजवा. कारखानदार म्हणेल, ‘आम्ही बघतो’. तो बघत नाही. सिलिकॉनचे बूच लावा, नाहीतर जुने स्क्रू पिळून ठेवा आणि नंतर काढताना डोक्याभोवती ब्लेड फिरवा, म्हणजे रंगाचं कवच उडणार नाही. पावडरचा थर ६०-८० मायक्रॉनचा असतो आणि पातळ पत्र्यात आटे दोन-तीनच. नंतर टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ करू म्हणाल, तर पावडरीबरोबर आटेही जातात. मागच्या खेपेला माझे तसेच गेले. कॅबिनेटमध्ये स्क्रूची ६-३२ (इंची) आणि एम३ (मिलिमीटरची) अशी दोन मापं असतात, दोन्ही बुजवा. पॉवर सप्लाय जिथे टेकतो तो पत्राही टेप लावून रंगाविना उघडा ठेवा, तिथूनच कॅबिनेटला अर्थिंग मिळतं. साधी कागदी मास्किंग टेप भट्टीत करपते. हिरवी पॉलिस्टरची आणा.

नवं पॅनेल करणार असाल तर ते आधी पुठ्ठ्याचं कापून बसवून पाहा, मग पत्र्याला हात लावा. सगळी भोकं आणि घड्या कोटिंगआधीच. कडा कानशीने गोल करा, धारदार कडेवर पावडर टिकत नाही. खाचेत सरकणाऱ्या पॅनेलला जागा सोडा, थर दोन्ही बाजूंनी चढतो. गाडीला भरतात ती लांबी (पुट्टी) भरू नका, भट्टीत फुगते. अ‍ॅक्रिलिकची खिडकी भट्टीत जाता कामा नये, हे वेगळं सांगावं लागतं म्हणून सांगतो.

रंग ‘ग्रे’ असा सांगू नका, आरएएल या रंगांच्या नंबर-यादीतला ७०१६ असा नंबर द्या. पण पुण्याची भोसरी असो की नाशिकचं अंबड, एका कॅबिनेटसाठी कुणी पावडर फवारायचा बूथ धुऊन रंग बदलत नाही. त्यांचा जो रंग चालू असेल तो आवडून घ्यायची तयारी ठेवा. जॉब, म्हणजे आपला भाग, कुठे टांगायचा तेही दाखवा, हुकाचा डाग राहतोच. भाग मोजून यादी द्या. आणि देण्याआधी आटे पुन्हा एकदा बघा.

परत आल्यावर भाग मोजा, बूच काढा, रिव्हेटा मारा, खिडकी लावा. पॉवर सप्लाय चढवून त्याच्या अंगापासून पत्र्यापर्यंत मल्टिमीटर बीपवर ठेवून लावा. बीप आला तरच बोर्ड चढवा.