खारातल्या गऱ्यांत ‘नवा’ जिवाणू सापडला? आधी या चुका टाळा

कोकणात आगोटीआधी कैऱ्या आणि फणसाचे गरे खारात घालतात. त्यातून लॅक्टिक आम्ल जिवाणूची (साखर आंबवून लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूची) नवी प्रजाती शोधणाऱ्याचा पहिला घोळ बरणी निवडतानाच होतो. खार आंबट लागला म्हणजे तो आंबला असं नाही; कैरीचं स्वतःचं आम्लही पाण्यात उतरतं. त्यात पावसाळाभर टिकावं म्हणून मीठ सढळ हाताने पडलेलं असतं, आणि १५-२० टक्के मिठात यातले बहुतेक जिवाणू वाढतच नाहीत. म्हणून पीएचबरोबर मीठ आणि जिवाणूंची संख्याही मोजा. माझ्या मते सुरुवात कमी मिठातल्या गऱ्यांपासून करावी.

नमुना एकदाच घेऊ नका. ल्युकोनोस्टॉक, वायसेला हे लॅक्टिक जिवाणू सुरुवातीला दिसतात. आम्ल वाढलं की प्लँटारम (पूर्वीचा लॅक्टोबॅसिलस प्लँटारम) बाजी मारतो.

एमआरएसवर (लॅक्टिक जिवाणू वाढवण्याच्या पोषक माध्यमावर) उगवलेलं सगळंच लॅक्टिक नसतं, यीस्ट आणि बॅसिलसही उगवतात. काचपट्टीवर थोडी वसाहत (माध्यमावर उगवलेला जिवाणूंचा ठिपका) घेऊन ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाका. भराभर बुडबुडे आले तर ती बहुधा लॅक्टिक नाही, वगळा. उरलेल्या वसाहती पुन्हापुन्हा रेघाटून शुद्ध करा, नाहीतर सिक्वेन्समध्ये (डीएनएच्या अक्षरक्रमाच्या आलेखात) दोन जिवाणूंची शिखरं एकमेकांवर चढतात.

सगळ्यात महागात पडते ती १६एस जनुकावर (जिवाणू ओळखायला वापरतात त्या जनुकावर) विसंबण्याची घाई. ज्ञात प्रजातींशी साम्य ९८ टक्केच आलं की नवी प्रजाती मिळाली म्हणून लोक हरखतात, पण पुष्कळदा दोष सिक्वेन्सच्या न छाटलेल्या, गढूळ टोकांचा असतो. दोन्ही बाजूंनी वाचून सुमारे १,४०० बेसचा (डीएनए अक्षरांचा) स्वच्छ तुकडा जुळवा आणि तुलना टाइप स्ट्रेनशीच (प्रजातीचा अधिकृत नमुना ठरलेल्या जिवाणूशीच) करा. उलटही घडतं: प्लँटारम आणि पेंटोसस या वेगळ्या प्रजाती, पण त्यांचं १६एस ९९ टक्क्यांहून अधिक सारखं. तिथे रेकए हे दुसरं जनुक कामी येतं. नवेपणाचा निवाडा मात्र पूर्ण जीनोमवरच (जिवाणूच्या सगळ्या डीएनएवरच): सर्वात जवळच्या प्रजातीशी एएनआय (दोन जीनोममधलं सरासरी साम्य) ९५-९६ टक्क्यांखाली, डिजिटल डीएनए संकरण (संगणकाने काढलेलं जीनोममधल्या जवळिकीचं माप) ७० टक्क्यांखाली.

जुन्या नावांनीही फसगत होते. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलसची २५ वंशांत फेरमांडणी झाली. ‘लॅक्टिप्लँटिबॅसिलस’ हे प्लँटारमच्या वंशाचं नवं नाव; ते दिसलं म्हणून नवं काही गवसलेलं नसतं.

आणि मूळ स्ट्रेन जपा. नाव अधिकृत व्हायला तो दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावा लागतो. आपल्याकडे पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. परदेशी पाठवण्याआधी जैवविविधता कायदा, २००२ च्या अटी पाहा. शुद्ध वसाहत हाती येताच ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा.