वादळासाठी नेमका इंग्रजी शब्द कसा निवडावा

नुकसानभरपाईचा अर्ज इंग्रजीत लिहिण्याची वेळ आली की आमच्या दापोली-श्रीवर्धनकडचा बागायतदार किंवा तांडेल ‘वादळ’ हा एकच शब्द घेऊन येतो आणि शब्दकोश त्याच्यापुढे सात-आठ शब्द टाकून मोकळा होतो. ‘सगळ्यांचा अर्थ एकच’ असे सांगणाऱ्याने विम्याचा दावा कधी लिहिलेला नसावा.

प्रथम समुद्र पाहावा. सायक्लोन, हरिकेन आणि टायफून ही एकाच जातीच्या वादळाची नावे असून अटलांटिकमध्ये हरिकेन, वायव्य पॅसिफिकमध्ये टायफून आणि आपल्या अरबी समुद्रात सायक्लोन म्हणतात. त्यामुळे ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला धडकलेले ‘निसर्ग’ हे सायक्लोनच होय. विजा कडाडणारा वळीव म्हणजे थंडरस्टॉर्म. वैशाखात अंगणातला पाचोळा गरगर फिरवणाऱ्या वावटळीला टोर्नेडो म्हणू नये.

खरी अडचण गस्ट, स्क्वॉल आणि गेल या तिघांत येते आणि मीही तेथेच फसलो. एका होडीच्या दाव्यात, अचानक आलेल्या सोसाट्याच्या वाऱ्याने ती उलटली असताना, वजनदार वाटतो म्हणून मी ‘गेल’ हा शब्द लिहिला. विमा कंपनीने विचारले की गेल होता तर त्याचा इशारा आधीच मिळाला असणार, मग होडी समुद्रात नेलीच कशी? प्रश्न बिनतोड होता. गेल म्हणजे ताशी ६२ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने टिकून वाहणारा, बहुधा तासन् तास चालणारा वारा. स्क्वॉल एकाएकी उसळतो, निदान मिनिटभर टिकतो आणि बरेचदा काही मिनिटांत ओसरतो. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो तो अशाच हवेसाठी. गस्ट हा केवळ काही सेकंदांचा झोत असतो. म्हणून वेगाचा आकडा हाती घेण्याआधी वारा किती वेळ टिकला हे विचारावे, आणि तेही ज्याच्या अंगावर तो आला त्याला विचारावे, कारण किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला प्रत्येक वारा दिवसभराचा वाटतो. हवामान खात्याच्या पत्रकात ‘ताशी ४५ ते ५५, गस्टिंग टू ६५’ असे असेल, तर ६५ हा झोतांचा वेग आहे. तो वाऱ्याचा नेहमीचा वेग म्हणून अर्जात घालणे ही चूक मी अजूनही दर पावसाळ्यात दुरुस्त करतो.

नुसता ‘स्टॉर्म’ शब्द मी कधीच लिहीत नाही. दर्यावर्दींच्या बोफर्ट मापात स्टॉर्म ताशी ८९ किलोमीटरला सुरू होतो, तर आपल्या हवामान खात्याचे ‘सायक्लोनिक स्टॉर्म’ ६२ लाच सुरू होते. वाचणारा कोणते माप धरील याचा भरवसा नाही. समोर विम्याची पॉलिसी असेल तर तिच्यात स्टॉर्म, सायक्लोन, टेम्पेस्ट वगैरे शब्द ओळीने छापलेले असतात. त्यांतला घटनेला लागू पडणारा शब्दच उचलावा.

शेवटी तारखेबरोबर वेळही लिहावी, त्या दिवसाचे पत्रक जोडावे आणि ‘भयंकर’ या अर्थाचे एकही विशेषण घालू नये.