टॅबलेट की लॅपटॉप? निवड करताना होणाऱ्या या चुका टाळा

टॅबलेट घ्यावा की लॅपटॉप, हा प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा आपले काम सुरू कसे होते एवढेच सांगतो. व्याख्याने ऐकायची आहेत, पीडीएफ वाचायच्या आहेत, टिपणे काढायची आहेत, थोडेफार लेखन करायचे आहे, अशी यादी तो देतो. ही सगळी कामे दोन्हींवर व्यवस्थित होत असल्यामुळे निवड अखेर वजनावर किंवा पडद्याच्या देखणेपणावर येऊन ठेपते. अडचण मात्र कामाच्या दुसऱ्या टोकाला दबा धरून बसलेली असते. अहवाल ठरावीक नमुन्यात जमा करताना, अर्जावर डिजिटल सही करताना किंवा जुना स्कॅनर जोडताना ती पुढे येते, आणि तोवर उपकरण परत करण्याची मुदत संपलेली असते. म्हणून काम कोठे सुरू होते यापेक्षा ते कोठे संपते हे आधी पाहावे, असे माझे मत आहे. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका हे न पाहिल्यामुळेच घडतात.

‘ते ॲप टॅबलेटवरही मिळते’ या वाक्यावर विसंबणे

हे वाक्य खोटे नसते, पण ते अर्धेच खरे असते. एक्सेलचेच उदाहरण घेऊ. आयपॅडवर किंवा अँड्रॉइड टॅबलेटवर एक्सेल चालते, फाइल उघडते, आकडे दिसतात, बेरजाही होतात. पण त्याच फाइलमध्ये कोणी मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम, लिहून ठेवले असतील तर ते तेथे चालत नाहीत. महिनाअखेरीचा तक्ता तयार करणारे बटण पडद्यावर दिमाखात दिसत राहते आणि कितीही वेळा दाबले तरी काही घडत नाही. शिवाय १०.१ इंचांपेक्षा मोठा पडदा असलेल्या टॅबलेटवर मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ॲपमध्ये फाइलीत बदल करायचे असतील तर सशुल्क वर्गणी लागते. मोबाइलवर हेच ॲप फुकट वापरणाऱ्याला ही गोष्ट टॅबलेट घरी आल्यावरच कळते.

डिजिटल सहीचे यूएसबी टोकन, प्रयोगशाळेतील मापन यंत्रे, लेबल छापणारे प्रिंटर अशा वस्तूंना ड्रायव्हर, म्हणजे यंत्राशी त्यांची गाठ घालून देणारा प्रोग्रॅम, लागतो, आणि तो बहुधा विंडोजसाठीच तयार केलेला असतो. संगणकावर ताबा ठेवणारे परीक्षेचे सॉफ्टवेअरही पुष्कळदा फक्त विंडोज किंवा मॅकवर चालते. गंमत अशी की आयपॅडसाठी ॲप तयार करण्याचे ॲपलचे मुख्य साधन असलेले एक्सकोड खुद्द आयपॅडवर चालत नाही. त्यासाठी मॅकच लागतो.

अपलोडच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. एकदा मोठ्या आकाराची फाइल शेवटच्या रात्री टॅबलेटवरून पाठवत असताना आकडा ४० टक्क्यांवर गेलेला पाहून मी निर्धास्तपणे दुसरे ॲप उघडले, आणि पंधरा मिनिटांनी परत आलो तेव्हाही तो ४० टक्क्यांवरच होता. टॅबलेटची प्रणाली बॅटरी वाचवण्यासाठी मागे गेलेले ॲप थोड्याच वेळात गोठवते, त्यामुळे ब्राउझरमधून चाललेले अपलोड तेथेच थांबते. उपाय साधा आहे. पडदा आपोआप बंद होण्याची वेळ तात्पुरती वाढवावी, चार्जर लावावा आणि काम पूर्ण होईपर्यंत तेच पान समोर उघडे ठेवावे. पण हे रोजचे काम असेल, तर तो टॅबलेटचा दोष नसून निवडीचा आहे.

दिसायला सारखे म्हणजे चालायलाही सारखे, हा समज खुद्द मायक्रोसॉफ्टलाही महागात पडलेला आहे. २०१२ साली आलेला सरफेस आरटी हा टॅबलेट विंडोजसारखा दिसत होता, पण त्यात मोबाइलमध्ये असतो तसा एआरएम जातीचा प्रोसेसर असल्यामुळे विंडोजचे नेहमीचे जुने प्रोग्रॅम त्यावर बसवताच येत नव्हते. २०१३ मध्ये या उपकरणाच्या न खपलेल्या साठ्यापोटी कंपनीने ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवला. आजचे एआरएम प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप पुष्कळ सुधारलेले आहेत आणि जुने प्रोग्रॅम अनुकरणाने, म्हणजे जुन्या प्रोसेसरची नक्कल करून, चालवतातही, मात्र ड्रायव्हरना हे अनुकरण लागू होत नाही. ते एआरएमसाठी वेगळेच तयार केलेले असावे लागतात. जुना प्रिंटर किंवा स्कॅनर वापरणाऱ्याने लॅपटॉप घेतानाही एवढी चौकशी करावी.

इंच मोजणे, पण रुंदी न पाहणे

पडद्याचे माप कर्णाने दिले जाते आणि तेथेच दिशाभूल होते. ११ इंच आणि १४ इंच यांत फक्त ३ इंचांचा फरक ऐकू येतो. प्रत्यक्षात एकाच आकाराच्या प्रमाणात १४ इंची पडद्याचे क्षेत्रफळ ११ इंचीच्या दीडपटीहून अधिक भरते. घरच्या घरी हे पाहण्याची एक युक्ती आहे. ए-४ आकाराचा एक कागद मधोमध दुमडावा. दुमडलेल्या कागदाची रुंदी १४८ मिलिमीटर होते आणि १६:१० प्रमाणाच्या ११ इंची टॅबलेटचा पडदा उभा धरल्यावर जवळपास तेवढाच रुंद असतो. उंचीला मात्र तो सुमारे पावणेतीन सेंटिमीटर जास्त. म्हणजे ए-४ पानाची पीडीएफ त्यावर पूर्ण रुंदीत उघडली तर ती सुमारे ७० टक्के आकारात दिसते आणि १२ पॉइंटचे अक्षर साडेआठ पॉइंटच्या आसपास येते. ४:३ प्रमाणाच्या ११ इंची पडद्यावर हेच पान साधारण ७५ टक्के आकारात बसते, त्यामुळे पाठ्यपुस्तके आणि शोधनिबंध वाचणाऱ्याने इंचांइतकेच प्रमाणाकडेही लक्ष द्यावे. दोन स्तंभांत छापलेले लेख वाचायचे असतील तर दुमडलेला कागद डोळ्यांसमोर धरून पाहावा आणि मगच ठरवावे.

लिहिताना ही जागा आणखी आक्रसते. आडव्या धरलेल्या टॅबलेटवर पडद्यावरचा कीबोर्ड उघडला की जवळजवळ अर्धा पडदा त्याखाली जातो आणि लिहिलेल्या मजकुराच्या मोजक्या ओळी तेवढ्या दिसत राहतात. मग वेगळा कीबोर्ड घेतला जातो, आणि येथे पुढची चूक होते.

कीबोर्डचे वजन हिशेबात न धरणे

हलका म्हणून टॅबलेट घ्यायचा आणि नंतर त्याला कीबोर्डचे कव्हर, पेन आणि हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी जोडणी) जोडत जायचे, हा प्रवास मी अनेकांचा पाहिला आहे. १२.९ इंची आयपॅड प्रो आणि ॲपलचा मॅजिक कीबोर्ड एकत्र तोलले तर काटा १.३ किलोच्या पुढे जातो. त्याच कंपनीचा १३ इंची मॅकबुक एअर २०२२ च्या मॉडेलपासून १.२४ किलोचा आहे. खर्चाचेही असेच असते, म्हणून तुलना करताना टॅबलेटची नुसती किंमत न धरता लागणाऱ्या सगळ्या जोडण्यांसह बेरीज करावी. मागे टेकू लावून उभा राहणारा टॅबलेट टेबलावर छान उभा राहतो, पण मांडीवर घेऊन टाइप करताना तो डुगडुगतो, हेही प्रवासात काम करणाऱ्याने लक्षात घ्यावे.

पेन म्हणजे पेन, असे समजणे

हाताने टिपणे काढणे, गणिते सोडवणे, चित्रे काढणे यांत टॅबलेटला तोड नाही, आणि ज्याचे काम येथेच संपते त्याने लॅपटॉपच्या वाटेला जाऊ नये. मात्र रबरी टोकाचे साधे पेन बोटाचेच काम करते. त्याला दाब कळत नाही आणि लिहिताना तळहात टेकला की पडद्यावर नको ते फराटे उमटतात. टॅबलेटमध्ये सक्रिय पेनची, म्हणजे पडद्याला बोटापेक्षा वेगळे ओळखू येणाऱ्या पेनची, सोय आहे का, हे तपशिलात स्पष्ट लिहिलेले असावे. एका कंपनीची पेने आपसातही बदलता येतातच असे नाही. ॲपल पेन्सिलच्या निरनिराळ्या आवृत्त्या निरनिराळ्या आयपॅडनाच चालतात, आणि २०२३ साली आलेल्या यूएसबी-सी आवृत्तीला तर दाबाची जाणीवच नाही. टिपणांना ती पुरते, पण चित्रकाराची निराशा करते.

‘लॅपटॉप आहे म्हणजे सगळे चालेल’

उलट बाजूची चूकही तितकीच सर्रास होते. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते, आणि सर्वांत स्वस्त लॅपटॉप बरोबर याच आकड्यांवर थांबतात. हे आकडे प्रणाली बसण्यापुरते आहेत, काम करण्यापुरते नव्हेत. ६४ जीबीतील मोठा वाटा विंडोजच व्यापते, वर्षभरात मोठे अपडेट बसायला जागा उरत नाही, आणि ईएमएमसी या स्वस्त आणि संथ प्रकारची साठवण असेल तर ब्राउझरचे दहा टॅबही यंत्राला धाप लावतात. अशा लॅपटॉपपेक्षा त्याच पैशातला टॅबलेट वाचन आणि व्हिडिओ यांसाठी कितीतरी सुखाचा ठरतो.

नव्या लॅपटॉपवर बाहेरून उतरवलेला प्रोग्रॅम बसतच नसेल, तर विंडोज ‘एस मोड’मध्ये आहे का ते पाहावे. या अवस्थेत फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील ॲप चालतात. तिच्यातून बाहेर पडणे फुकट आहे, पण एकदा बाहेर पडल्यावर परत जाता येत नाही. वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्याने तो विंडोज ११ स्वीकारतो का हे तपासावे, कारण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

स्वस्त टॅबलेटचीही अशीच एक मेख असते. पडदा फुल एचडी असूनही एखाद्या चित्रपट सेवेवर चित्र धूसर दिसत असेल, तर इंटरनेटला दोष देण्याआधी त्या टॅबलेटला वाइडवाइन या चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या सुरक्षा प्रणालीची ‘एल-१’ पातळी आहे का ते पाहावे. फक्त ‘एल-३’ असेल तर अशा बहुतेक सेवा एचडी चित्र देतच नाहीत, आणि हे सेटिंग बदलून सुटत नाही.

घेऊन झाला आहे, आता अडले आहे

टॅबलेट पेनड्राइव्ह ओळखत नसेल तर बहुधा पेनड्राइव्हचे फॉरमॅट, म्हणजे त्यात फाइली मांडण्याची पद्धत, विंडोजची एनटीएफएस असते. त्यातील माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी आणि तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा. एफएटी-३२ मात्र टाळावे, कारण त्यात ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एकसंध फाइल मावत नाही. बाहेरची हार्ड डिस्क लागून लगेच सुटत असेल तर पोर्टमधून मिळणारी वीज तिला पुरत नसते. अशा वेळी स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब कामी येतो. यूएसबी-सी पोर्ट दिसतो म्हणून वेगाची किंवा बाहेरच्या मॉनिटरची खात्री धरू नये. २०२२ च्या दहाव्या पिढीच्या आयपॅडला यूएसबी-सी मिळाले, तरी माहिती वाहून नेण्याचा त्याचा वेग यूएसबी २.० चाच, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट राहिला. ५० जीबीचे व्हिडिओ उतरवायला त्यावर अर्ध्या तासाच्या आसपास वेळ धरून चालावे. आयपॅडवर काढलेला फोटो एखाद्या अर्जाच्या पानाने नाकारला तर तो एचईआयसी या ॲपलच्या उपकरणांवर वापरल्या जाणाऱ्या फाइल-प्रकारचा असण्याची शक्यता मोठी असते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडले की पुढचे फोटो जेपीजीमध्ये निघतात.

आणि घरात जुना लॅपटॉप पडून असेल, तर महिन्यातून एकदोनदा लागणाऱ्या विंडोजच्या कामासाठी नवा घेण्याचे कारण नाही. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून रिमोट डेस्कटॉपने आत येण्याची सोय नसते, पण क्रोम रिमोट डेस्कटॉप त्यावरही चालतो आणि फुकट आहे. तो बसवला की टॅबलेटच्या पडद्यावर घरचा लॅपटॉप उघडता येतो आणि मॅक्रोचे बटणही तेथे दाबता येते. फक्त लॅपटॉप जागा राहिला पाहिजे. त्यासाठी स्लीपची मुदत काढून टाकावी लागतेच, पण झाकण मिटल्यावर काय व्हावे याचे सेटिंग वेगळे असते, आणि नेमके तेच बदलायचे राहून गेल्यामुळे प्रवासाला निघताना सवयीने झाकण लावले जाते आणि लॅपटॉप झोपी जातो.